समुद्रस्नानाने त्वचारोग जातो? फायदा खरा, पण श्रेय भलत्यालाच!



एप्रिल-मे जवळ आला, की त्वचेच्या रुग्णांकडून एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, सुट्टीत गावी जाणार आहोत. सात दिवस समुद्रात आंघोळ केली की हे जाईल ना?" 'हे' म्हणजे काय, ते माणसागणिक बदलतं. कुणाचा सोरायसिस, कुणाचं इसब, कुणाच्या जांघेतला नायटा, कुणाचं कोड, कुणाची घरभर पसरलेली खरूज. रोग पाच, त्यांची कारणं पाच, आणि उपाय मात्र एकच: समुद्र! माझा पहिला आक्षेप इथेच आहे. इतक्या वेगवेगळ्या आजारांवर जो उपाय एकसारखा सांगितला जातो, तो त्यातल्या बहुतेकांवर चालत नसतो.

पण सगळं थोतांड म्हणून हा विषय झटकून टाकणंही चूक आहे. समुद्राकाठी जाऊन काही रुग्णांची त्वचा खरोखर सुधारते. जगभरात त्याचा अभ्यास झालेला आहे. प्रश्न एवढाच की नेमकं कशाने सुधारते, कुणाची सुधारते आणि कुणाचं नुकसान होतं. हे तीन प्रश्न न विचारता 'समुद्रात बुडी मारून या' असं सांगणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

आधी खरं काय ते पाहू

समुद्रस्नानाच्या बाजूने बोलणारे एक उदाहरण नेहमी देतात: इस्राएल आणि जॉर्डनच्या मध्ये असलेला मृत समुद्र. सोरायसिसचे हजारो रुग्ण तिथे जातात आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे चट्टे चार आठवड्यांत खूप कमी होतात. हे खरं आहे.

आता त्याचे तपशील बघा. मृत समुद्राचा किनारा समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटर खाली आहे. पृथ्वीवर उघड्या जमिनीवर याहून खोल जागा नाही. सूर्यप्रकाशाला तिथे हवेच्या जास्त जाड थरातून यावं लागतं, त्यामुळे त्वचा भाजणारे अतिनील किरण थोडे गाळले जातात. म्हणून रुग्ण रोज बराच वेळ उन्हात पडून राहू शकतो. हे ऊनही मनाला येईल तसं घ्यायचं नसतं. पहिल्या दिवशी थोडी मिनिटं, मग रोज थोडी वाढवत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मुक्काम साधारण चार आठवड्यांचा.

आणि पाणी? आपल्या अरबी समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. मृत समुद्रात जवळपास त्याच्या दहापट. शिवाय आपल्या समुद्रात मुख्यतः साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. तिथे मॅग्नेशियमचे क्षार जास्त. दोन्हींना 'समुद्र' म्हणतात एवढंच साम्य. मृत समुद्र हा खरं तर एक खारं सरोवर आहे.

दुसरं उदाहरण नॉर्वेचं. तिथलं सरकार सोरायसिसच्या काही रुग्णांना तीन आठवड्यांसाठी स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर उपचाराला पाठवतं. का? नॉर्वेला समुद्र नाही म्हणून? त्या देशाला तर प्रचंड मोठा किनारा आहे. त्यांच्याकडे हिवाळ्यात ऊन नसतं, म्हणून. हे एक वाक्य नीट ध्यानात ठेवा. आपला सगळा वाद त्यात मिटतो.

मग बरं कोण करतं?

सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती बिथरते आणि त्वचेच्या पेशी फार वेगाने तयार होऊ लागतात. एरवी त्वचेचा थर नवा व्हायला सुमारे चार आठवडे लागतात; सोरायसिसच्या चट्ट्यात हेच काम तीन ते पाच दिवसांत उरकतं. अर्धवट पिकलेल्या पेशी एकावर एक साचतात आणि चंदेरी खपल्या होतात. उन्हातले 'यूव्हीबी' किरण हा वेग कमी करतात आणि तिथल्या बिथरलेल्या पेशींना शांत करतात. मुख्य औषध हे आहे.

खाऱ्या पाण्याचं काम दुय्यम आहे, पण आहे. भिजल्यामुळे खपल्या मऊ होऊन सुटतात आणि किरण आतपर्यंत पोचतात. घरातल्या टबात खारं पाणी आणि त्यानंतर दिव्याखाली यूव्हीबी, असे प्रयोग युरोपात बरेच झाले. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने त्या सगळ्यांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा की नुसत्या यूव्हीबीपेक्षा खारं पाणी अधिक यूव्हीबी याने कदाचित जास्त फरक पडत असेल, पण पुरावा भक्कम नाही.

इसबाचंही थोडं सांगतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात कोरड्या, इसबाकडे झुकणाऱ्या त्वचेच्या लोकांनी एक हात मृत समुद्राच्या मिठाच्या पाण्यात आणि दुसरा साध्या नळाच्या पाण्यात १५ मिनिटं बुडवून ठेवला. मिठाच्या पाण्यातल्या हाताची त्वचा जास्त ओलसर राहिली, लाली कमी झाली. शाबासकी मॅग्नेशियमला. पण ते कोमट, स्वच्छ, मोजून मीठ घातलेलं पाणी होतं, जुहूच्या लाटा नव्हत्या!

तर हिशोब असा: मोठा वाटा उन्हाचा, थोडा वाटा खाऱ्या पाण्याचा. शिवाय विश्रांतीचा, कारण ताण वाढला की सोरायसिस आणि इसब दोन्ही भडकतात. चार आठवडे ऑफिस नाही, कटकट नाही, याचाही उपयोग होतो. आणि हवेचा. नागपूर-पुण्याच्या कोरड्या हवेत तडकणारी त्वचा कोकणातल्या दमट हवेत आपोआप मऊ पडते. या सगळ्यांचं श्रेय आपण एकट्या समुद्राला देऊन मोकळे होतो.

"पण आमच्या भावाला फरक पडला!"

हा युक्तिवाद सगळ्यात जास्त ऐकू येतो. भाऊ खोटं बोलत नाही. पण भाऊ समुद्रावर कधी गेला? मे महिन्यात. बहुतेक रुग्णांचा सोरायसिस हिवाळ्यात वाढतो आणि उन्हाळ्यात उतरतो. इसबही कधी भडकतं, कधी निवतं. माणूस उपाय शोधायला निघतो तो आजार शिखरावर असताना. शिखरानंतर उतारच असतो. त्या उतारावर जो कुणी भेटेल तो वैद्य ठरतो, मग तो समुद्र असो, अंगारा असो किंवा शेजारच्या वहिनींनी दिलेला लेप असो.

आणि भावाला एक प्रश्न जरूर विचारा: दिवाळीनंतर काय झालं? कारण मृत समुद्रावरून बरे होऊन परतलेल्या रुग्णांचे चट्टेही बहुधा काही महिन्यांत परत येतात. सोरायसिस आटोक्यात राहतो. कायमचा 'जात' नाही. हे कडू सत्य आहे, आणि कुणी ते नीट समजावून सांगत नाही म्हणून लोक 'कायमचा इलाज' शोधत फिरतात.

"मिठाने जंतू मरतात ना!"

मरतात. लोणचं टिकतं, खारवलेला बांगडा टिकतो, ते मिठामुळेच. पण लोणच्यात मीठ किती घालता आणि समुद्रात किती असतं? साडेतीन टक्के! एवढ्या मिठाने सगळे जंतू मरत असते, तर पकडलेले मासे बर्फाशिवाय दिवसभर ताजे राहिले असते. समुद्राचं पाणी जिवंत आहे. त्याच्या प्रत्येक थेंबात सूक्ष्मजीव असतात. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी नऊ जणांना दहा मिनिटं समुद्रात पोहायला लावून त्यांची त्वचा तपासली. त्वचेवरचे नेहमीचे जंतू धुऊन गेले होते आणि समुद्रातले जंतू येऊन बसले होते. त्यातले काही २४ तासांनंतरही सापडले.

नायट्याची बुरशी त्वचेच्या वरच्या थरात रुजलेली असते. पंधरा मिनिटांच्या डुबकीने तिला काही होत नाही. उलट ओली चड्डी तशीच अंगावर ठेवून वडापाव खात किनाऱ्यावर दोन तास बसलात, की जांघेतली ओल आणि उष्णता त्या बुरशीला मानवते. सध्या आपल्या देशात नायट्याची जी साथ आहे, त्यातली बुरशी नेहमीच्या गोळ्यांनाही दाद देईनाशी झाली आहे. तिच्याशी लढायला औषध नीट आणि पूर्ण मुदत घ्यावं लागतं, आणि दुकानातून मनाने आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं बंद करावी लागतात.

खरजेचा किडा तर त्वचेत बीळ करून राहतो. त्याच्यावर परमेथ्रिनचं मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, मानेपासून तळपायापर्यंत, आणि आठवड्याने पुन्हा. समुद्रात सगळं कुटुंब गेलं तरी किडे बिळातच सुखरूप असतात.

"पूर्वापार चालत आलंय"

गोव्यात मे महिन्यात खाऱ्या पाण्याची स्नानं घेण्याची जुनी रीत आहे. आपल्याकडे पर्वणीला, अमावास्येला समुद्रस्नान असतं. वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हेरे, राजापूरचं उन्हाळे इथल्या गंधकाच्या गरम झऱ्यांवर त्वचारोगी पिढ्यान्‌पिढ्या जात आले. गंधकाचं मलम तर खरजेवर खरोखर वापरलं जातं, म्हणजे जुन्या लोकांचं निरीक्षण अगदीच वाया जाणारं नव्हतं.

पण 'जुनं' म्हणजे 'सिद्ध' नव्हे. इंग्लंडमध्ये रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने १७५० च्या दशकात समुद्राच्या पाण्याचे गोडवे गाणारा ग्रंथ लिहिला आणि ब्रायटनच्या किनाऱ्यावर रुग्णांची रीघ लागली. तो रुग्णांना समुद्रात बुडवायचा, शिवाय ते पाणी प्यायलाही लावायचा! जुनं म्हणून मानायचं, तर मग एक पेला समुद्राचं पाणीही प्या. नाही ना पिणार? मग जुन्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे आजच्या पुराव्यावरच ठरवावं लागेल.

पर्वणीचं स्नान श्रद्धेने जरूर करा. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. फक्त त्या श्रद्धेच्या खांद्यावर औषधाचं ओझं देऊ नका.

"नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?"

आहे. इथे मला थोडं कडक बोलावं लागेल.

मुंबईचं सांडपाणी वरळी आणि वांद्र्याहून तीन किलोमीटरहून लांब नळांतून समुद्रात सोडलं जातं, तेही पूर्ण शुद्ध न करता. नाले आणि खाड्यांतून जातं ते वेगळंच. आंघोळीयोग्य समुद्राच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठेतले जंतू १०० पेक्षा जास्त नसावेत, असा आपल्या देशाचा निकष आहे. मुंबईच्या किनाऱ्यांवरच्या तपासण्यांत तो अनेकदा ओलांडलेला आढळतो. इसब खाजवून सोललेलं मूल या पाण्यात उतरवणं म्हणजे उघड्या जखमेवर गटाराचं पाणी ओतण्यासारखं आहे.

कोमट समुद्रात व्हिब्रिओ गटातले जंतूही असतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असणाऱ्याच्या पायाला जखम असेल, तर त्यातून शिरलेला हा जंतू काही तासांत पाय सुजवतो आणि क्वचित जीवही घेतो. वाळूत कुत्र्यांच्या विष्ठेतल्या कृमींच्या अळ्या असतात. त्या तळपायाच्या त्वचेत शिरून नागमोडी रेघ काढत फिरतात. पावसाळ्यात ब्लू बॉटल जेलीफिश किनाऱ्याला लागतात.

ऊनही सगळ्यांना मानवत नाही. ल्यूपसच्या रुग्णाचा आजार उन्हाने भडकतो. वांग गडद होतो. कोडाच्या डागात रंगद्रव्यच नसतं, त्यामुळे तो डाग भाजतो, आणि भाजलेल्या जागी कोड आणखी पसरू शकतं. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालू असतील तर थोड्या उन्हानेही त्वचा होरपळते.

पण या सगळ्यांहून मोठा अपाय दिसत नाही. तो म्हणजे वाया गेलेला वेळ.

अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा आहे. खाज नाही, दुखत नाही. त्या जागी टाचणी टोचली तर कळत नाही. हा कुष्ठरोग असू शकतो. २००५ च्या अखेरीस देशाने कुष्ठरोगाचं 'निर्मूलन' झाल्याचं जाहीर केलं, पण त्याचा अर्थ दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण एवढाच. रुग्ण अजूनही सापडतात, आपल्या राज्यातही. सरकारी दवाखान्यात त्याचं औषध फुकट मिळतं आणि ६ किंवा १२ महिन्यांत रोग बरा होतो. मात्र उशीर झाला तर नस मरते, बोटं वाकडी होतात, पायाला न कळणाऱ्या जखमा होतात. मेलेली नस नंतर कुठल्याही औषधाने परत येत नाही. असा माणूस 'यंदा समुद्रस्नान करून बघू, नाहीतर पुढच्या मेमध्ये परत' म्हणत दोन वर्षं काढतो, तेव्हा त्याला सल्ला देणाऱ्याने त्याचा हात गमावलेला असतो.

तीच गोष्ट सोरायसिसच्या रुग्णाची. 'समुद्रावर जातोय, आता गोळ्या कशाला?' म्हणून औषध एकदम बंद केलं आणि त्यात पोटात घ्यायचं स्टेरॉइड असेल, तर आजार उसळून अंगभर लाली येऊ शकते. मग किनाऱ्यावरून थेट रुग्णालयात भरती व्हावं लागतं.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट: सोरायसिस आणि कोडासाठी समुद्राचा जो खरा गुण, तो तुमच्या शहरातच मिळतो. त्वचारोग विभाग असलेल्या अनेक सरकारी आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत 'नॅरोबँड यूव्हीबी'ची पेटी असते. उन्हातला सगळ्यात उपयोगी भाग, ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा, तेवढाच तिच्यातून मिळतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, काही मिनिटं, असे वीस-तीस वेळा. भाजण्याचा धोका कमी, मात्रा मोजलेली. विमानाचं तिकीट काढून ज्यासाठी लोक जातात, ते एका लोकल प्रवासाच्या अंतरावर आहे. याबद्दल मात्र कुणी फॉरवर्ड पाठवत नाही!

दुसरी गोष्ट: 'खास समुद्री मीठ' म्हणून मिळणारी महागडी पाकिटं. आपलं खडेमीठ कुठून येतं? उरण-पेणच्या मिठागरांतून, म्हणजे समुद्रातूनच. खपल्या मऊ करायला कोमट पाण्यात मूठभर मीठ घालून भिजायचं असेल तर खडेमीठ पुरे. भेगा पडल्या असतील तर तेही नको, चरचरेल.

आणि तिसरी गोष्ट: समुद्रावर जाऊच नका असं मी म्हणत नाही. जा, मजा करा. फक्त एवढं पाळा:

* आधी निदान करून घ्या. चट्टा बधिर असेल तर सुट्टीच्या आधी दवाखाना.
* चालू औषधं बंद करू नका. ऊन चालेल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.
* उघडी जखम, सोललेलं इसब, पू असेल तर पाण्यात उतरू नका. मधुमेहींनी वाळूत अनवाणी चालू नये.
* नाल्याजवळ, खाडीच्या मुखाशी आणि पावसाळ्यात समुद्रस्नान नको.
* सोरायसिस असेल तर ऊन थोडं थोडं वाढवत घ्या. त्वचा लाल होईपर्यंत बसू नका. भाजलेल्या जागी नवे चट्टे उठतात.
* बाहेर आल्यावर लगेच गोड्या पाण्याने आंघोळ, कोरडे कपडे आणि ओलसर त्वचेवरच पेट्रोलियम जेली किंवा मॉइश्चरायझर.
* ब्लू बॉटल डसल्यास चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे काढा आणि तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात २० मिनिटं ठेवा. दम लागला तर लगेच रुग्णालय.

पुढच्या वेळी कुणी तुम्हाला समुद्रस्नानाचा सल्ला दिला, तर त्याला एकच विचारा: "कुठल्या आजारासाठी?" उत्तर "त्वचेच्या सगळ्याच" असं आलं, तर धन्यवाद म्हणा, भेळ खाऊ घाला आणि त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या.

काळजी घ्या, आणि घरात कुणाच्या अंगावर न खाजणारा बधिर चट्टा असेल, तर हा लेख संपताच त्याला घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा. त्यासाठी मे महिन्याची वाट पाहायची गरज नाही.